विश्वंभररावांनी पारखलेला पॉवर सप्लाय

विश्वंभरराव बाट-माप खात्यातून निवृत्त झाले तेव्हा बडा बाजारातल्या व्यापाऱ्यांनी त्यांचा सत्कार केला. हार घालणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मनापासून आनंद होता, आणि तो कशाचा होता हे विश्वंभररावांनाही कळत होतं. बाट-माप म्हणजे दुकानांतली वजनं आणि मापं खरी की खोटी हे तपासणारं सरकारी खातं. त्या खात्यात इन्स्पेक्टर पुष्कळ होऊन गेले. पण विश्वंभररावांसारखा हात कुणाचा नव्हता.

लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्यावर सरकारी मोहोर असते. चोर दुकानदार ते शिसं आतून खरवडून काढतो आणि वर पुन्हा पातळ थर देतो. दिसायला वजन जसंच्या तसं. विश्वंभरराव ते नुसतं उचलत, तळहातावर जरा खालीवर करत आणि शांतपणे विचारत, "क्यों लालाजी, इसका पेट किसने खाली किया?" मग तराजू आणून बघायचं ते केवळ कायद्यासाठी. त्यांचा अंदाज चुकला असं झाशीत कुणी पाहिलं नव्हतं. लोक म्हणत, इन्स्पेक्टर साहब के हाथ में काँटा है.

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. विश्वंभररावांनी नोकरीभर जी लबाडी पकडली ती सगळी हलकी होती. शिसं काढलेलं वजन, पोचे पाडलेलं लिटरचं माप, पेंड कमी भरलेलं पोतं. कुणी जास्त वजन घालून फसवू बघतोय असा एकही इसम त्यांना भेटला नाही. त्यामुळे जड ते खरं आणि हलकं ते खोटं, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं की तो एक विचार आहे हेसुद्धा ते विसरून गेले होते.

घरातली प्रत्येक वस्तू याच कसोटीतून आत यायची. कुलूप, कुकर, छत्री, चपला, सगळं आधी त्यांच्या हातात तोललं जायचं. घरात मराठी बोलणारी ही माणसं, पूर्वज कधीकाळी पेशव्यांच्या काळात इकडे आलेले. पण दुकानात विश्वंभरराव हिंदीत एवढंच म्हणत, "इससे भारी दिखाओ." एकदा त्यांचं ठरलं की ठरलं. पत्नी प्रेमलाबाई काही बोलत नसत. मुलगी अहिल्याही बोलत नसे. घर एकमतानं चाललंय याचं विश्वंभररावांना मोठं समाधान होतं.

अहिल्या लग्नांच्या फिल्म्स बनवायची. सुरुवातीला बाईच्या खांद्यावर कॅमेरा बघून लोक थट्टा करत. पुढं लोकांच्या लक्षात आलं की हळदीच्या, बांगड्यांच्या वेळी बायकांच्या खोलीत पुरुष कॅमेरावाला नुसता दारात घुटमळतो, आणि ही सरळ आत जाऊन बसते. मग तिला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. लग्नसराईत ती ललितपूरपासून मऊरानीपूरपर्यंत फिरायची, छोट्या कॅसेटींवर चित्रण करून आणायची, घरी संगणकात उतरवून घ्यायची आणि त्याच कॅसेटी पुढच्या लग्नाला न्यायची. २००८ साल होतं ते, झाशीत सगळे असंच करत.

त्या वर्षी तिचा जुना संगणक पार थकला होता. तिनं नवा जुळवायला घेतला. कुठून मदरबोर्ड, कुठून मेमरी, असं करत सगळं गोळा झालं. राहिला फक्त पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन संगणकाच्या एकेका अवयवाला ती त्याला सोसेल एवढीच पोचवायची, हे त्याचं काम. दिसायला पत्र्याचा साधा डबा, मागं पंखा आणि पुढं वायरींचा झुबका. अहिल्या ललितपूरला लग्नात अडकली होती, म्हणून तिनं फोन केला.

"बाबा, इलाइट चौराह्यावर साहूजींच्या दुकानातून पॉवर सप्लाय आणून ठेवाल? केल्विक कंपनीचाच घ्या हां. दुसरा कुठला नको."

"केल्विक," विश्वंभरराव म्हणाले. "बरं."

"पक्कं ना? मला आल्या आल्या बसायचंय. कमळाकाकूंची फिल्म आधी संपवायचीय."

कमळाकाकूंचं नाव निघताच विश्वंभरराव ताठ उभे राहिले. ओरछा गेटजवळ राहणारे बापूराव हे त्यांचे जुने मित्र, आणि कमळाबाई त्यांची बायको. हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं, अंबिकेचं लग्न झालं. झाशीतल्या जुन्या मराठी घरांत अजून पद्धत आहे की मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नाही. आत मंगलाष्टकं चालू असतात आणि आई मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसते. कमळाबाईही तशाच बसल्या. अहिल्या कॅमेरा घेऊन त्यांच्याजवळ होती आणि मांडवातलं चित्रण भाड्यानं आणलेला कॅमेरावाला करत होता.

आणि नेमकं तेव्हाच मांडवात कुणाच्या स्वप्नात नव्हतं असं घडलं. बापूरावांनी माइक हातात घेतला. रेल्वेत उभी हयात काढलेला, आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवणारा हा माणूस, आणि त्यानं स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं. विश्वंभरराव अक्षता घेऊन समोरच उभे होते. त्यांची मूठ मिटलेलीच राहिली. लग्न लागल्यावर बापूरावांनी लाजत लाजत ज्याला त्याला बजावलं, "हिला कुणी सांगायचं नाही मी काय म्हटलं ते. फिल्ममध्ये बघू दे. अंबिके, तूही नाही." सगळ्यांनी हसून कबूल केलं.

पंधरवडा गेला नाही तोच बापूराव गेले. सकाळी चहा पिताना पेला खाली ठेवला आणि तसेच कलंडले. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना.

कमळाबाईंना एवढंच माहीत होतं की नवऱ्यानं मांडवात काहीतरी म्हटलं होतं. काय, ते कुणी सांगत नव्हतं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा कुणी? त्या भेटल्या की अहिल्याला विचारायच्या, "झाली का गं फिल्म?" पुढं काही नाही. अहिल्यानं मांडवातली कॅसेट रात्री उतरवायला लावून दिली होती, तिनं स्वतःही अजून नीट पाहिली नव्हती. ते सगळं लग्न आता एका डिस्कवर होतं, आणि कॅसेट केव्हाच दुसऱ्या लग्नात वापरून झाली होती.

तर विश्वंभरराव इलाइट चौराह्यावर गेले. साहूजींनी केल्विकचा डबा काउंटरवर ठेवला. विश्वंभररावांनी सवयीनं तो उचलला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ये तो खाली लग रहा है."

"नहीं बाबूजी, अच्छी कंपनी है. बिटिया यही लगाती है."

"और क्या है?"

साहूजींनी आणखी दोन ठेवले. एकाच्या पंख्यात लाल-निळे दिवे होते. विश्वंभररावांनी त्याला हातही लावला नाही, कारण कामाच्या वस्तूनं नटायचं कशाला. दुसरा होता वज्रदेव गोल्ड. त्यांनी तो उचलला. हात खाली गेला. त्यांनी पुन्हा खालीवर केला आणि त्यांचा चेहरा उजळला. एका हातात केल्विक, एका हातात वज्रदेव, असे ते काउंटरसमोर देवळातल्या द्वारपालासारखे उभे राहिले. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली.

"ये हुई ना बात," विश्वंभरराव म्हणाले. "इसमें माल है."

"बिटिया ने तो केल्विक..."

"बच्ची है. नाम पढ़के चीज़ लेती है."

साहूजी आणखी काही बोलणार होते, पण त्यांच्या वडलांचं किराणा दुकान बडा बाजारात होतं आणि लहानपणी त्यांनी या हाताचा दरारा पाहिला होता. ते हसले. "बाबूजी का हाथ तो काँटा है," म्हणाले, आणि वज्रदेव पिशवीत घातला.

अहिल्या परत आली. तिनं डबा काढला, वायरी बोटांत धरून बघितल्या, आईकडं बघितलं. विश्वंभरराव आरामखुर्चीत बसून वाट बघत होते.

"केल्विकपेक्षा चांगला आणलाय," ते म्हणाले. "धर हातात. बघ."

"हो बाबा, जड आहे," अहिल्या म्हणाली.

तिनं तो बसवला. जुन्या संगणकातली डिस्क नव्यात घातली. संगणक झकास चालू झाला, आणि विश्वंभरराव दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले की पोरीची मशीन कुणाच्या निवडीवर चाललीय.

मग ती दुपार आली. मे महिना, बाहेर लू म्हणजे भाजून काढणारा वारा चाललेला, गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू. वीज डोळे मिचकावत होती. अहिल्या कमळाकाकूंच्या फिल्मवर बसली होती. हळद झाली, बांगड्या झाल्या, नवरदेव दारात आला. ती म्हणाली, "बाबा, या, आता मंगलाष्टकं येतील. मलाही ऐकायचंय काका काय म्हणाले ते." विश्वंभरराव उठून तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

आणि धाडकन आवाज झाला.

प्रेमलाबाई स्वयंपाकघरातून किंचाळल्या. पडदा काळा झाला. संगणकाच्या मागून निळसर धूर निघाला आणि जळक्या वायरीचा वास खोलीभर पसरला. अहिल्यानं धावत जाऊन बटण बंद केलं, पण आता बंद करण्यासारखं राहिलं काय होतं? आवाज त्या डब्यातून आला हे विश्वंभररावांनी डोळ्यांनी बघितलं होतं आणि तरी त्यांना ते पटत नव्हतं.

"तो असूच शकत नाही," ते म्हणाले. "दुसरं काहीतरी गेलंय."

अहिल्यानं डिस्क बाहेर काढून जुन्या संगणकाला लावली. डिस्कनं हूं की चूं केलं नाही. डिस्कच्या पाठीवरच्या हिरव्या पट्टीवर करपल्याचा काळा डाग होता. अहिल्यानं तो बोटानं पुसून पाहिला, जणू पुसला जाईल. मग ती जमिनीवर बसली.

विश्वंभररावांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि वज्रदेव उघडायला बसले. त्यांना आत तांबं दाखवायचं होतं. भरपूर तांबं, जाड पत्रे, खरा माल. पत्रा निघाला. आत एक लहानशी पट्टी होती, तिच्यावर चार-दोन करपलेले तुकडे, आणि बाकी सगळी जागा रिकामी. नाही, रिकामी नाही. कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेलं काहीतरी बसवलं होतं. विश्वंभररावांनी पट्टी सोलली.

आत सिमेंट होतं. घराच्या भिंतीला लावतात ते सिमेंट, त्याचा एक गोळा. ओला असताना कुणीतरी तो दाबून बसवला होता आणि त्यावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता.

विश्वंभररावांना क्षणभर आपण काय बघतोय तेच कळेना. त्यांनी गोळा उचलला. जड होता. त्यांनी तो तळहातावर खालीवर केला, कारण हात आपोआप तसा हलला, आणि मग त्यांना एवढं भयंकर वाटलं की तो गोळा त्यांनी चटका बसल्यासारखा टाकला. फरशीला टवका गेला.

"सिमेंट," ते म्हणाले. "यात सिमेंट घातलंय गं. सिमेंट!"

ते तसेच उठले, टोपी न घालता, तो गोळा रुमालात बांधून, लूमधून इलाइटवर गेले. साहूजींनी गोळा बघितला आणि त्यांचंही तोंड उघडं पडलं. त्यांनी तिथल्या तिथं फळीवरचा दुसरा वज्रदेव उघडला. त्यातही सिमेंट. तिसरा उघडला. त्यातही.

"बाबूजी, कसम से, मुझे नहीं पता था," साहूजी म्हणाले. मग ते हळूच म्हणाले, "ग्राहक डिब्बा उठाके ही लेता है ना. बनाने वाले को मालूम है."

विश्वंभररावांच्या कानांत ते वाक्य घुमत राहिलं. बनाने वाले को मालूम है. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी शेडमध्ये बसून कुणीतरी त्यांच्या हातासाठी हा गोळा केला होता. त्यांच्या हाताला काय आवडतं ते त्याला ठाऊक होतं. आयुष्यभर त्यांनी चोरांना ओळखलं, आणि इथं एका चोरानं त्यांना न बघता ओळखलं होतं. ते दुकानाच्या पायरीवर बसले. साहूजींनी पाणी दिलं, ते त्यांनी नुसतं हातात धरून ठेवलं.

घरी आले तेव्हा अहिल्या अजून जमिनीवरच होती. प्रेमलाबाई तिच्याजवळ बसल्या होत्या.

"मी फसलो," विश्वंभरराव म्हणाले. असं वाक्य त्या घरात पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. "तुला तरी कसं कळणार? वरून तर..."

"मला माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"की हा बेकार आहे. हातात घेतला तेव्हाच. वायरी किती पतल्या होत्या. एवढ्या पतल्या वायरी चांगली कंपनी लावतच नाही."

"मग बसवलास कशाला?"

अहिल्यानं मान वर केली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "तुम्ही आणला होता म्हणून."

"म्हणजे? अगं, सांगायचं नाही का? एक शब्द?"

"तुम्हाला?" अहिल्या म्हणाली. "तुम्हाला कोण सांगतं, बाबा?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. विश्वंभररावांनी आधारासाठी बायकोकडं पाहिलं. प्रेमलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मीच म्हटलं तिला, घाल बाई," त्या म्हणाल्या. "म्हटलं, त्यांनी हौसेनं आणलाय, आता काढायला लावशील तर घरात आठवडाभर मौन. चालेल तेवढं चालेल." मग, इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं एकदम सांडावं तसं त्या बोलल्या, "ती कढईसुद्धा मला उचलत नाही हो. लग्नानंतर तुम्ही आणलीत ती. दोन्ही मनगटं गेली माझी तिच्यापायी. शेजारणीची कढई मागून आणते मी, तुम्ही बाहेर गेलात की."

बाजारात लोक विश्वंभररावांशी भांडत, हुज्जत घालत, वरपर्यंत तक्रारी नेत. त्यांना वाटायचं, घरात तसं काही नाही, घर कसं सुरळीत आहे. आणि घरातली दोन्ही माणसं त्यांच्यापासून वजनं लपवणाऱ्या दुकानदारांसारखी वागत होती. नव्हे, दुकानदार तरी लबाड होते. या दोघींनी काय केलं होतं? सिमेंटचा गोळा बघून धक्का बसला होता तो आता काहीच वाटेना.

"मी एवढा..." ते म्हणाले.

डिस्क दिल्लीला पाठवली. तिथं जळलेल्या डिस्कमधून माल काढणारे लोक आहेत, असं साहूजींनी सांगितलं, आणि स्वतःच्या माणसाबरोबर पाठवली. घरात फोन वाजला की तिघंही दचकायचे. शेवटी उत्तर आलं. वरची पट्टी बदलून बघितली, पण जास्तीची वीज आतपर्यंत शिरलीय, आतले माहिती वाचणारे भागच जळलेत. काही निघणार नाही.

"मी जाते कमळाकाकूंकडं," अहिल्या म्हणाली. "फिल्म माझी होती."

"डबा माझा होता," विश्वंभरराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मी एकटा जाऊ, की तू येतेस? तुला काय बरं वाटतं?"

अहिल्या चपापली. असा प्रश्न तिला या माणसाकडून अपेक्षितच नव्हता. "येते," ती म्हणाली.

संध्याकाळी दोघं ओरछा गेटच्या गल्लीत गेली. कमळाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. अहिल्याला बघताच त्यांनी ताट बाजूला सारलं, हात पुसले, आणि तिच्या हातात पिशवी वगैरे काही आहे का ते पाहिलं.

"झाली?" त्यांनी विचारलं.

विश्वंभररावांनी सांगितलं. आडवळण घेतलं नाही. पोरीनं संगणकाचा चांगला डबा सांगितला होता, मी माझ्या मनानं दुसरा आणला, त्यानं सगळं जाळलं, लग्नातला एक क्षणसुद्धा उरलेला नाही. पोरीचा यात काही दोष नाही. अहिल्या दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत होती.

कमळाबाईंनी ओरडावं, शाप द्यावा, असं विश्वंभररावांना वाटत होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "सगळंच?"

"सगळंच, वहिनी."

"माझ्या तुळशीपाशी तू होतीस ना गं?" त्यांनी अहिल्याला विचारलं. "म्हणजे तूही ऐकलं नाहीस."

"नाही काकू."

मग कमळाबाई विश्वंभररावांकडं वळल्या. "तुम्ही होतात, भावजी. समोर होतात."

विश्वंभररावांना याचीच भीती होती. बापूरावांनी त्यांचा हात धरून सांगितलं होतं. पण शब्द दिला होता तो फिल्म आहे म्हणून. फिल्म त्यांनी स्वतःच्या हातानं घालवली होती. आता गप्प बसणं म्हणजे मित्राला दुसऱ्यांदा जाळणं.

"सगळं नाही आठवत," ते म्हणाले. "जेवढं ऐकलं तेवढंच सांगेन. पदरचं घालणार नाही." ते ओसरीच्या कडेला बसले. "चाल चुकत होती. दुसऱ्या ओळीत अडखळले, लोक हसले. अंबिकेचं लहानपण होतं त्यात, गंगामाईचं नाव होतं. आणि शेवटच्या ओळीत म्हणाले, जिनं हे घर उभं केलं ती आज मागं बसलीय, पण हे लग्न तिचं आहे. आणि मग तुमचं नाव घेतलं."

कमळाबाईंचा हात तांदळाच्या ताटावर आपटला. "माझं?"

"तुमचं."

"नाव? म्हणजे अंबिकेची आई, असं?"

"नाही. कमळा म्हणाले. नुसतं कमळा."

कमळाबाईंचे डोळे विस्फारले. लग्नाच्या पंगतीत, उखाण्याच्या दिवशी, एकदा काय ते त्या माणसानं त्यांचं नाव घेतलं होतं, त्यानंतर घरात, दारात, आजारपणात, कधीही नाही. हाक मारायची झाली तर तो भांडं वाजवायचा किंवा "ऐकलं का" म्हणायचा. त्यांनी अविश्वासानं अहिल्याकडं बघितलं, पण अहिल्याच्या तोंडावर त्यांच्याइतकंच आश्चर्य होतं.

"एवढ्या लोकांत?"

"एवढ्या लोकांत."

"व्याही उभे असताना? माइकवर?"

"माइकवर, वहिनी. आधी आवाज फुटला, नीट ऐकू आलं नाही. मग थांबून पुन्हा घेतलं. मोठ्यानं."

कमळाबाईंनी पदर तोंडावर दाबला. त्या हसत होत्या की रडत होत्या, काही कळत नव्हतं. लाजेनं त्यांचे कान लाल झाले होते, या वयात, या वेषात.

"अगं बाई," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि मी मागं पाणी घालत बसले होते."